न दिसणारी डिस्क आणि होऊ घातलेला जावई

माणूस पारखायची माझी एक युक्ती आहे, आणि ती कधीही चुकत नाही! निदान चुकली असेल तर तसं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. युक्ती अशी, की माणसाशी गप्पा मारत बसू नये, त्याच्याकडून काहीतरी विकत घ्यावं. गप्पांमध्ये सगळेच सज्जन असतात. वस्तू बांधून देताना खरा माणूस बाहेर येतो.

आता एवढं ठासून लिहिलं खरं, पण कारण वेगळंच आहे. मला गप्पा मारताच येत नाहीत. अख्खा जन्म ग्रंथालयात पुस्तकांची नोंद करण्यात गेला. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची वेळ आली, की त्याच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला एकदम वाचनीय वाटू लागतं. तेव्हा होणाऱ्या जावयाची परीक्षा घ्यायची ठरली, तर मी दुसरं काय करणार?

माझी एकुलती एक मुलगी मायसा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिने आईला सांगितलं, आईने मला सांगितलं: मुलाचं नाव हाजेम, इंजिनिअर, स्मूहा भागात त्याचं संगणकाच्या सुट्या भागांचं दुकान. गुरुवारी त्याच्या घरची मंडळी फातिहा वाचायला येणार. एकदा दोन्ही घरच्यांनी तळवे वर करून फातिहा वाचली, की शब्द दिला गेला. मग माघार घेणं म्हणजे आमच्या अख्ख्या इब्राहिमिया मोहल्ल्यात मुलीचं नाव चघळायला देणं. म्हणजे हाजेम हा माणूस कसा आहे हे मला गुरुवारच्या आत कळायला हवं होतं.

"त्यात काय एवढं!" मी बायकोला म्हणालो. "त्याच्याच दुकानातून संगणकाचे भाग आणतो आणि घरी स्वतः जोडतो. त्याने एक जरी वस्तू खोटी दिली, तर लगेच पकडतो!"

"तुम्ही जोडणार?" इनामने विचारलं. 'मायसाचे बाबा' या अर्थाने ती मला अबू मायसा म्हणते. "अबू मायसा, मागे तुम्ही इस्त्रीचा प्लग बदललात, तेव्हा खालच्या मजल्यावरचा फ्रिज बंद पडला होता."

"तेव्हा माझ्याजवळ पुस्तक नव्हतं. या वेळी मॅन्युअल आहे!"

आणि मॅन्युअल मी खरोखरच वाचलं. अरबी भाग वाचून झाल्यावर फ्रेंच वाचला, चिनी भागातली चित्रं पाहिली. मदरबोर्ड कुठे बसवायचा, पंख्याचं तोंड कुठल्या दिशेला करायचं, सगळं तोंडपाठ! साठवणीसाठी हाजेमने एक एसएसडी दिली होती. जुन्या डिस्क विटेएवढ्या असायच्या, ही बया च्युइंगमच्या पट्टीएवढी! एका टोकाला सोनेरी दात, तेवढा भाग खाचेत सरकवायचा, दुसऱ्या टोकाला इवलासा स्क्रू. पुस्तकाप्रमाणे ती पिशवीतून काढून मी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि हात धुवायला उठणार, एवढ्यात खमासीन सुटला.

खमासीन सुटला की आमच्या घरात युद्ध पेटतं. वाळवंटाची धूळ खिडकीच्या फटींतून आत शिरते, आणि इनाम तिच्याशी वैयक्तिक भांडण असल्यासारखी लढते. "गच्चीवरचे कपडे! धावा!" ती ओरडली. मी धावलो. डोळ्यांत, कानांत, मिशांत वाळू भरून खाली आलो, तर खिडक्या लागलेल्या, टेबल पुसलेलं, माझे सगळे भाग शिस्तीत मांडलेले. मधोमध एसएसडी, नव्या नवरीसारखी चमकत होती.

मी ती खाचेत सरकवली. इतकी घट्ट बसली की काय सांगू! थोडं जोर लावून ढकलावं लागलं. मी मनातल्या मनात हाजेमची तारीफ केली. हल्ली इतक्या घट्ट बसणाऱ्या वस्तू कुठे मिळतात?

बटण दाबलं. पंखा फिरला. दिवे लागले. पडद्यावर अक्षरं उमटली! प्रोसेसर होता, मेमरी होती, पंख्याचा वेगसुद्धा होता. आणि 'साठवण' या शब्दापुढे लिहिलं होतं: काहीही नाही.

मी चष्मा पुसला. काहीही नाही. पडदा पुसला. तरीही काहीही नाही.

मग मी एसएसडी काढून पुन्हा बसवली. खालच्या दुसऱ्या खाचेत घालून पाहिली. स्क्रू सैल केला, घट्ट केला. मॅन्युअलात 'डिस्क दिसत नसल्यास' असं प्रकरणच होतं. त्यात सांगितलेलं सगळं सांगितलेल्या क्रमाने केलं. यंत्र ढिम्म!

सगळं पुस्तकाप्रमाणे करूनही यश येत नाही, तेव्हा माणसाने काय समजावं? मी तरी नेहमी असं समजतो की चूक माझीच असणार. पण मॅन्युअलशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं, माझी चूक कुठेच सापडेना! आणि मग मनात शंकेची पाल चुकचुकली. चूक माझी नसेल, तर ती कुणाची?

संध्याकाळी मी दुकानात फोन लावला. नाव न सांगता! आवाज जाड केला, तोंडावर रुमाल धरला.

"हॅलो, माझ्या एका मित्राची एसएसडी संगणकात दिसत नाहीये."

"सोपं आहे," पलीकडून हाजेम म्हणाला. "ती काढा, सोनेरी टोक मऊ कपड्याने हलकेच पुसा, परत घट्ट बसवा. नव्या जोडणीत बहुतेक वेळा काहीतरी मध्ये आलेलं असतं."

"मित्राने तीनदा बसवलीय!"

"मग त्यांना म्हणावं घेऊन या, मी बघतो. किंवा मीच येतो. आणि अम्मो वहबी, घरी सगळे बरे ना?"

मी फोन असा आपटला की जणू तो तापला होता! अम्मो म्हणजे काका, आणि वहबी म्हणजे मीच! मला ओळखलं कसं? आणि ओळखलं तर इतका वेळ गप्प का? सोनेरी टोक मी मऊ कपड्याने पुसून पाहिलं. आरशासारखं लखलखत होतं. धुळीचा कण नाही! म्हणजे 'मध्ये काहीतरी आलेलं असतं' ही निव्वळ थाप. हा मुलगा वेळ काढत होता. गुरुवार उलटेपर्यंत!

अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प राहावं. मी वरच्या मजल्यावर शरबीनींकडे गेलो.

शरबीनी म्हणजे बंदरावरचे निवृत्त जकात निरीक्षक. जन्मभर लोकांच्या पेट्या उघडल्यामुळे त्यांना बंद पेटी म्हणजे वैयक्तिक अपमान वाटतो. स्वतःच्या नातवाच्या दप्तराकडेसुद्धा ते 'यात काय दडवलंयस?' अशा नजरेने बघतात. त्यांनी एसएसडीचं रिकामं खोकं हातात घेतलं, कानाशी हलवलं, आणि मग चक्क हुंगलं!

"उस्ताज वहबी," ते गंभीरपणे म्हणाले, "हे दुसऱ्यांदा चिकटवलेलं आहे."

"कशावरून?"

"वासावरून. मी टीव्हीच्या खोक्यात विटा बघितल्यात, उस्ताज! आणि घड्याळाच्या खोक्यात वाळलेली भेंडी! वरून सगळं झकास, आत पोकळ. तुमची ती पट्टी किती जड आहे?"

"हलकी आहे. फारच हलकी."

"झालं तर! पोकळ आहे!"

वस्तू पोकळ, म्हणजे दुकान पोकळ, म्हणजे मुलगा पोकळ. आणि माझी मायसा त्याच्या हातात हात द्यायला निघालेली!

दुसऱ्या दिवशी शरबीनी गिऱ्हाईक बनून त्या दुकानाची गुप्त चौकशी करायला गेले. जाताना काळा चष्मा, येताना हातात पिशवी.

"हे काय?"

"माऊस," ते जरा ओशाळून म्हणाले. "आणि नातवासाठी हेडफोन. अहो, मुलगा फारच गोड आहे. चहा दिला, खुर्ची दिली. 'तुम्हाला हा महागातला नको, काका, हा साधाच पुरेल' असं स्वतःहून म्हणाला!"

"मग सज्जनच म्हणायचा की!"

शरबीनींनी काळा चष्मा काढला. "उस्ताज, बंदरावर ज्यांच्याकडे काही लपवायचं असायचं, तेच मला चहा विचारायचे."

बस! आता शंकेला जागाच उरली नाही. बुधवारी जेवताना मी घसा साफ केला आणि मुलोखियाच्या पातळ पालेभाजीच्या भांड्याकडे बघत म्हणालो, "मायसा, गुरुवारचा बेत थोडा पुढे ढकलला तर?"

मायसाचा घास हातातच राहिला. "का?"

"त्याने दिलेली डिस्क दिसत नाही."

"मग?"

"मग म्हणजे? वस्तू देताना माणूस कळतो."

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, आणि ती हळू बोलली की मला जास्त भीती वाटते, "तुम्हाला डिस्क सापडत नाही म्हणून मला नवरा मिळू नये, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी भांड्यातली मुलोखिया ढवळली.

"त्याला घरी बोलवा ना. दहा मिनिटांत बघेल."

"चोराला तिजोरी दुरुस्त करायला बोलवू?"

ती ताटावरून उठली. इनामने माझ्याकडे असं बघितलं की घरातला खमासीन पुन्हा सुरू झाला. "पोरीला रडवलंत," ती म्हणाली. "एका लोखंडी डब्यापायी!" मला त्या रात्री झोप आली नाही. मुलगी रडते म्हणून बापाने हो म्हणावं, की मुलगी पुढे जन्मभर रडू नये म्हणून आत्ता नाही म्हणावं? पुस्तकात असल्या प्रश्नांना प्रकरण असतं. मॅन्युअलात नव्हतं.

गुरुवार आला आणि पाहुणे आले. हाजेम नव्या सुटात, टाय इतका आवळलेला की कान लाल. त्याची आई हाज्जा सनिया, मजबूत बांध्याची, आवाजाने खोली भरून टाकणारी. आणि त्याचे एक काका, ज्यांनी बसल्या बसल्या बसबूशाची, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांची, बशी जवळ ओढून घेतली आणि मग जगाशी संबंध तोडला. खास पाहुण्यांसाठी ठेवलेला दिवाणखाना उघडला होता. झुंबरावरची पिशवी काढली होती. सोफ्यावरचं प्लॅस्टिक मात्र तसंच होतं. हाज्जा सनिया थोड्या सरकल्या की सोफाही कर्रकन बोलायचा.

स्वयंपाकघरात गुलाबी सरबताचे ग्लास तयार होते. मी 'हो' म्हटलं की ते बाहेर येणार होते. दारात मायसा उभी होती, माझ्याकडे न बघता.

इकडचं तिकडचं झालं. धुळीबद्दल बोलणं झालं. मग हाज्जा सनिया म्हणाल्या, "चला तर मग, उस्ताज वहबी! शुभ कामाला उशीर कशाला? फातिहा वाचू या."

सगळ्यांनी तळवे वर केले. काकांनीही एक तळवा वर केला, दुसऱ्यात बसबूसा होता. सुरुवात मला करायची होती. मी तळवे वर केले, आणि माझ्या तोंडून निघालं:

"बेटा, तुझ्या दुकानात पोकळ वस्तू विकल्या जातात का?"

हाज्जा सनिया एवढ्या झटकन वळल्या की सोफा कर्रकन ओरडला.

"काय म्हणालात?" हाज्जा सनियांचे तळवे हळूहळू खाली आले.

"ती एसएसडी..." मी भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून म्हणालो, "ती दिसत नाही. खोकंही दुसऱ्यांदा चिकटवलेलं आहे. वासावरून कळतं."

"माझा मुलगा चोर?" त्यांनी पर्स उचलली. "याच्या बापाचं नाव बाजारात विचारा! हाजेम, ऊठ! काका, ती बशी ठेवा!"

काकांनी बशी ठेवली नाही.

हाजेम उठला, पण दाराकडे गेला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो मायसाकडे बघून मग माझ्याकडे वळला. "अम्मो, मशीन कुठे आहे?"

"आतल्या खोलीत."

"आणा ना इकडे. मी तुम्हाला खोटी वस्तू दिली असेन, तर मी स्वतःच जातो. आईने ओढून न्यायची गरज नाही."

पण आता मागे कसं फिरणार? मी आणि इनामने तो डबा आणून झुंबराखाली ठेवला. हाजेमने नव्या सुटाच्या बाह्या वर केल्या, टाय खांद्यावर टाकला, आणि गुडघ्यांवर बसून आत वाकला. मोबाइलचा उजेड पाडला. मग स्क्रू काढून एसएसडी बाहेर काढली आणि ती बोटांत धरून थांबला. खूपच थांबला!

मी ओळखलं: सापडला!

"काय झालं? दाखव इकडे!" हाज्जा सनिया गरजल्या. "कुठल्या किरकोळ वस्तूपायी माझी बेअब्रू चाललीय, बघू तरी दे!" आणि हाजेमने काही न बोलता ती आईच्या हातात ठेवली.

त्यांनी ती उजेडाकडे धरली. अंगठ्याने चोळली. कडेला नख लावून बघितलं. आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या.

"अगं बाई," त्या इनामकडे वळून म्हणाल्या, "हे गुंडाळलं कुणी?"

"मी!" इनाम म्हणाली. "त्या दिवशी खमासीन सुटला होता ना! हे गच्चीवर गेले, एवढी महागाची वस्तू उघडी पडली होती. म्हटलं धूळ बसायची, म्हणून स्वयंपाकघरातलं पातळ प्लॅस्टिक घेतलं आणि दिलं गुंडाळून."

"पण एकही सुरकुती नाही! दिसतच नाही की गं, उम्म मायसा!"

"वरून केस वाळवायचं यंत्र फिरवायचं. आवळून बसतं."

"यंत्र फिरवायचं?" हाज्जा सनियांनी पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला. चिकटपट्टीने बांधलेल्या प्लॅस्टिकमध्ये! "आणि मी मूर्ख इतकी वर्षं चिकटपट्टी लावतेय! टीव्हीच्या रिमोटलाही असंच करता येईल?"

"थांबा, दाखवते ना!" इनामने रिमोट आणला.

मी उभाच होतो. माझं डोकं आत्ता कुठे हळूहळू त्या दोघींच्या मागून चालू लागलं. प्लॅस्टिक. सोनेरी दातांवर. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. हे मला माहीत होतं! मॅन्युअलातल्या तिन्ही भाषांत होतं! मी ते सोनेरी टोक मऊ कपड्याने पुसलं होतं, आणि ते आरशासारखं लखलखलं होतं, कारण मी प्लॅस्टिक पुसत होतो!

हाजेमने नखाने कड उचलून प्लॅस्टिक सोलून काढलं, एसएसडी बसवली आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. 'साठवण' या शब्दापुढे एसएसडीचं नाव आलं, लांबलचक, आकड्यांसकट.

"सापडली!" मायसा ओरडली.

आणि इनामला राहवलं नाही. तिने जीभ हलवत आनंदाची अशी लांब किलकारी मारली की झुंबराचे लोलक वाजले! हाज्जा सनियांनी सवयीने तिच्या आवाजात आवाज मिसळला.

आता आमच्या इमारतीत गुरुवारच्या संध्याकाळी, पाहुणे आलेले असताना, अशा किलकारीचा अर्थ एकच. जिन्यात दारं धडाधड उघडली. खालच्या मजल्यावरून उत्तरादाखल किलकारी आली, मग वरून आली. बघता बघता दिवाणखाना माणसांनी भरला. "मुबारक! हजार मुबारक!" कुणी मला मिठ्या मारत होतं, कुणी मायसाचे गाल ओढत होतं. सरबताचे ग्लास स्वयंपाकघरातून आपोआप बाहेर आले, मला कुणी विचारलंच नाही!

सगळ्यांत आधी हाजेमच्या गळ्यात पडले ते शरबीनी. "मी पहिल्यापासून सांगत होतो, उस्ताज!" ते डोळे पुसत म्हणाले. "मुलगा हिरा आहे हिरा! मी माणूस वासावरून ओळखतो!"

"पण फातिहा वाचायची राहिलीय," मी पुटपुटलो.

काकांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मग वाचा की!" बशी रिकामी झाली होती.

मी तळवे वर केले. या वेळी कॅलेंडरकडे बघितलं नाही, हाजेमकडे बघितलं. 'बेटा, मला माफ कर' असं म्हणायचं होतं, पण नुसतीच फातिहा वाचून टाकली. मायसाने दारातून नाक ओढल्याचा आवाज आला. त्या आवाजाचा मी माझ्या सोयीने अर्थ लावला.

वाचकहो, आता गोष्ट संपली, पण एक शंका मला बरेच दिवस छळत होती. हाजेम ती एसएसडी बोटांत धरून इतका वेळ थांबला कशाला? रोज असल्या शेकडो वस्तू हाताळणारा माणूस. त्याला प्लॅस्टिक दिसलं नसेल? की दिसलं होतं, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हाताऱ्याला 'अम्मो, तुम्ही ही वेष्टनासकट बसवलीत' असं सांगायला त्याची जीभ रेटेना? मी एकदा त्याला आडून विचारलं. "नाही हो अम्मो," तो म्हणाला, "उजेड कमी होता." झुंबराचे सगळे दिवे लागलेले होते. हातात मोबाइलचाही दिवा होता. माणूस धडधडीत खोटं बोलतोय हे मला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी संशय तिथेच सोडून दिला.

संगणक उत्तम चालतो. मायसाचं लग्न झाल्यापासून दोन्ही विहिणींची रोजची ये-जा असते, आणि मागच्या आठवड्यात दोघींनी मिळून केस वाळवायचं यंत्र फिरवून माझा कीबोर्ड गुंडाळून दिला. एकही सुरकुती नाही. फक्त कुठल्या बटणावर कुठलं अक्षर आहे ते आता नीट दिसत नाही. तेव्हा वरच्या मजकुरात काही चुका सापडल्या, तर त्या माझ्या नाहीत, हे मी तुम्हाला अगदी ठामपणे सांगतो. निदान मला तरी तसं वाटतं.